काकूंचं चालणं, एका फाईलमध्ये

शेजारचे काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. अर्धांगवायूनंतर काकू पुन्हा चालायला शिकत होत्या, पण "काही फरक पडत नाही" म्हणत त्यांनी व्यायाम सोडला. त्यांच्या चालण्याचे व्हिडिओ घरातल्या तीन फोनांत होते. ते जोडून काकूंना सलग दाखवायचं काकांनी ठरवलं. पण प्रत्येकाचा फॉरमॅट वेगळा, त्यामुळे जोडले की आवाज जाई, नाहीतर चित्र अडके. काका रोज माझ्याकडे येऊन विचारत, "फॉरमॅट जुळत नाही म्हणजे काय?"

"राहू द्या ना काका," मी एकदा म्हटलं. ते ऐकू न आल्यासारखे चष्मा पुसत राहिले.

शेवटी त्यांनी एकेक व्हिडिओ एकाच फॉरमॅटमध्ये बदलला आणि तारखेप्रमाणे सगळे जोडले. पलंगापासून दारापर्यंतचं आपलं चालणं काकूंनी सलग पाहिलं.

"अहो, काठी द्या," त्या म्हणाल्या. "आज जिन्यापर्यंत जाऊ."