पोरीचं पाणी आन् कांद्याचं पाणी

माझी लेक पाण्यावर पीएच.डी. करते, हे मी आमच्या गावात, न्हावऱ्यात, छाती फुगवून सांगायचो. लोक विचारायचे, "म्हंजी बोअर कुठं घ्यायची ते सांगती का?" मी नुसती मान हलवायचो. मला तरी त्यापलीकडं काय ठाऊक होतं?

तिचं पाणी कॉम्प्युटरात असतं. संस्थेतल्या मोठ्या मशीनवर नंबर लागेना, म्हणून ती घरच्या जुन्या डबा कॉम्प्युटरवर हिशोब लावून बसली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांना निकाल दाखवायचा होता. नाही दाखवला तर परिषदेत तिच्याऐवजी दुसरं कुणी जाणार.

"पप्पा, पाणी भयंकर तापवलं आणि वरून प्रचंड दाब दिला, की ते धड पाणी राहत नाही, धड वाफ होत नाही. कण एकमेकांचे हात धरतात आणि लगेच सोडतात. कोण कुणाला किती वेळ धरून ठेवतं, तेवढंच बघायचंय."

"आन् हे पाणी हाय किती?"

"काहीशे कण. थेंबसुद्धा नाही."

त्या आठवड्यात शेतीच्या मोटारींची थ्री फेज वीज रात्रीची होती. दिवसाची सिंगल फेज फक्त दिव्या-पंख्यापुरती. पण कंडेन्सर जोडून त्याच लायनीवर मोटारी ओढायची आमच्याकडं रीतच आहे. शिवारात मोटारी लागल्या की घरातल्या पंख्याची पाती मोजता येतात. इन्व्हर्टर भरतच नव्हता. डबा वरचेवर बंद पडायचा आणि पोरगी मागच्या सेव्हपासून पुन्हा सुरू करायची. चिडली असती तर बरं वाटलं असतं.

मग बापानं पराक्रम करायचं ठरवलं. आधी आमची मोटार बंद केली आणि बांधापलीकडं चुलतभावाकडं गेलो. तो कांद्याला पाणी देत होता.

"पोरीचा कॉम्प्युटर बंद पडतोय. तासभर मोटार थांबव."

"त्यात काय चाललंय?"

"पाणी."

"किती?"

"थेंबभर बी न्हाई."

त्यानं एकदा माझ्याकडं पाहिलं, एकदा कांद्याकडं. "दादा, शिकलेल्या पोरीचा बाप हायेस म्हणून ऐकून घेतो," म्हणाला, आणि चिखलाच्या पायांनी जाऊन बटण दाबलं.

घरी आलो तर पंखा गरगरत होता. पोरगी चक्क हसली. मी खुर्चीत असा बसलो, जणू वीज मंडळ माझंच.

तेवढ्यात शिवारातून हाळी आली, "व्होल्टेज आलं रं! चालू करा!"

ज्यांच्या मोटारी कमी व्होल्टेजमुळं सकाळपासून उचलत नव्हत्या, ते सगळे याचीच वाट बघत होते. पंखा मंदावला. डबा बंद.

थोड्या वेळानं चुलतभाऊ दारात आला. "झालं का पोरीचं पाणी?"

पोरगीच म्हणाली, "नाही, काका. तुम्ही मोटार लावा. कांदा वाळेल."

तो बांधाकडं वळला. तिनं पुन्हा डब्याचं बटण दाबलं.

"मी काय करू?" मी विचारलं.

"काही नाही, पप्पा. बसा."

बसवतंय कुठं? टीव्हीचा प्लग काढला, फ्रिजचा काढला, शेवटी पंखाही बंद केला. माझ्या हातात एवढंच होतं. आम्ही दोघं घामाघूम होऊन पडद्यावरची हिशोबाची रेघ बघत राहिलो. ती कशीबशी पुढं सरकत होती, आणि बांधापलीकडं चुलतभावाची मोटार घरघरायला लागली.