दिवेलागण न होणारी बोट

नॉर्वेच्या उत्तरेला सहलीच्या छोट्या बोटीवर सहा वर्षांच्या नातीला न्यायचं ठरलं, तेव्हा मीच लेकीला बजावलं, "अगं, पोर कंटाळेल. तिथं ना बाग, ना झोपाळा." मग पोरीला सांभाळायला म्हणून मीही निघाले, बघा माझा शहाणपणा.

घरी माझा एकच नियम: दिवेलागण झाली की खेळ बंद, मग जेवण आणि झोप. तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळतच नाही, हे काही मी हिशेबात धरलं नव्हतं. जेवून जरा पलंगावर टेकले, तर नात म्हणाली, "आजी, दिवे कुठे लागलेत अजून? चल वर."

नियम माझाच. शाल, कानटोपी, अशी मी डेकवर. ती पाण्यात दिसेल त्या सीलला हाका मारतेय आणि मी खुर्चीत पेंगतेय. शेवटी लेकीला माझी दया आली. तिनं खोलीचे पडदे ओढले, दिवा लावला आणि वर येऊन म्हणाली, "झाली बरं दिवेलागण." नात मुकाट्यानं आत आली. तिच्याआधी मीच झोपले.

पुण्यात परतल्यावर शेजारच्या वहिनींनी विचारलं, "लहान मुलांना मानवते का हो ती बोट?"

म्हटलं, "मुलांना मानवते. आजीला मात्र घरी ठेवा."