आजोबांची डावी मूठ

मुलांनो, दर रविवारी दहा वाजता मी आजोबांची नखं कापते. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांची डावी मूठ मिटलेलीच असते. आधी मी बोटं ओढून उघडायचे. फिजिओथेरपीची मुलगी म्हणाली, "आजी, लोणच्याची बरणी आहे का ती? मनगट आत वाकवा, बोटं आपोआप सैल पडतील." खरंच पडतात.

रेवा, तू फोनवर समजावलंस, की स्नायूतल्या एका धाग्याचे सूक्ष्म हात दुसऱ्या धाग्याला धरून ओढतात, आणि धरलेलं सोडायलाही त्यांना इंधन लागतं. तिसरा, लवचीक धागा ताणलेल्या स्नायूला पुन्हा जागेवर आणतो. मी ते वहीत नीट उतरवून घेतलं. वाचताना काही वाटलं नाही. हल्ली फारसं काही वाटतच नाही.

आज करंगळीचं नख कापून झालं आणि मूठ मिटली, माझ्या अंगठ्यासकट.

"अहो, सोडा," मी म्हटलं.

ते खिडकीकडे बघत होते. त्यांनी धरलं होतं की नुसत्या धाग्यांनी, ते कळेना. मनगट वाकवलं असतं तर अंगठा लगेच सुटला असता.

साडेदहाला त्यांचं औषध असतं. आज ते पावणेअकराला दिलं.