भरतीच्या वेळांचं पान

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला माझी एक मैत्रीण होती, तिच्यावर मी जळायचे. आता सरळ सांगते. तेव्हा मी त्याला स्पर्धा म्हणायचे. ती उरणकडच्या कोळीवाड्यातून एसटीने पनवेलला यायची, मी नवीन पनवेलहून रिक्षाने. माझा लॅपटॉप नवा, तिचा भावाने वापरून दिलेला, दोन बटणं निखळलेली. तरी पहिल्या फटक्यात प्रोग्रॅम चालायचा तो तिचाच. सर वर्गात तिचं कौतुक करायचे आणि मी हसून मान डोलवायचे. पोटात दुखायचं ते वेगळंच.

त्या वर्षी आम्ही दोघींनी एकाच ठिकाणी अर्ज करायचं ठरवलं. कुठकुठले लोक मिळून एक ब्राऊझर बनवत होते, सगळ्यांसाठी खुला. त्यात वेबसाइट कुठल्या सर्व्हरवर नसते; एकाच्या फोनवरचं पान थेट दुसऱ्याच्या फोनवर जातं, तिथून तिसऱ्याच्या. नवशिक्यांपैकी एकाला तीन महिने मेंटॉर मिळणार होता. जागा एकच, आणि निवड आधी पाठवलेल्या छोट्या दुरुस्त्या बघून.

तिने त्याच ब्राऊझरवर वडिलांसाठी भरती-ओहोटीच्या वेळांचं पान केलं होतं. ते त्यांच्या फोनवरून अख्ख्या वाड्यात पोचायचं. पण वडील होडी घेऊन रेंजबाहेर गेले की सगळ्यांकडचं पान गायब, प्रत असूनही.

"ह्या ब्राऊझरातच खोट हाय," ती कॅन्टीनमध्ये म्हणाली. "कुटं हाय ते पन मला गावलंय. घरी जाऊन लिवीन."

या कामात एक शिरस्ता आहे. चुकांची यादी सगळ्यांना खुली असते. एखाद्या चुकीखाली कोणी 'ही मी दुरुस्त करते' असं लिहिलं, की बाकीचे तिला हात लावत नाहीत. ही चूक यादीत होतीच. ती एसटीत बसली असेल-नसेल, मी त्या चुकीखाली माझं नाव टाकून मोकळी झाले.

दुसऱ्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "तू घेतलीस? बरं झालं." पंधरा दिवसांनी विचारलं, "तुजं झालं काय? नाय झालं तर मी बगू?"

"होतंय," मी म्हणाले. मी फाइल उघडलीसुद्धा नव्हती. तोवर मी दुसऱ्या तीन सोप्या दुरुस्त्या पाठवल्या होत्या आणि अर्ज चांगला नटवून लिहिला होता. तिला किरकोळ कामांत रस नव्हता, ती माझ्यासाठी थांबून राहिली. मुदत संपली तेव्हा तिच्या नावावर एकही दुरुस्ती नव्हती. निवड माझी झाली. घरी पेढे आणले, त्यातला एक तिनेही खाल्ला, आणि तिचा चेहरा जराही पडला नाही याचा मला राग आला.

पहिल्याच कॉलवर मेंटॉर म्हणाला, तू घेऊन ठेवलेल्या त्या चुकीपासून सुरुवात करू. चार दिवस डोकं खाजवलं, काही म्हणता काही कळेना. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि उरणची एसटी पकडली. तिच्या आईने तळलेले बोंबील पुढे ठेवले. तिने वही काढली. सगळं उत्तर त्यात महिनाभर आधीच लिहून ठेवलेलं होतं. मला नीट समजेपर्यंत तिने तीनदा समजावलं. उपकार वाटायला हवे होते. मला वाटलं, हिला हे इतकं सोपं का जातं?

दुरुस्ती पाठवताना शेवटी मदत करणाऱ्याचं नाव लिहायची ओळ असते. मी तिचं नाव लिहिलं. वाचलं. पुसलं.

दोन दिवसांत दुरुस्ती स्वीकारली गेली. त्याखाली तिने स्वतःहून लिहिलं: आमच्या वाड्यात अकरा फोनांवर तपासलं, होडी बाहेर असतानाही पान दिसतंय, फक्त जुन्या फोनांवर उशिरा उघडतं, कारण बहुधा हे असावं. आणि कारणही अचूक दिलं होतं.

मेंटॉरने तिथेच मला विचारलं, "एवढं नीट तपासणारी ही कोण? तुझ्या ओळखीची असेल तर सांग, तिच्यासाठी आणखी एक जागा मागून घेतो."

मी लिहिलं, "ओळखीची नाही."

ते उत्तर अजून तिथे आहे. कोणालाही वाचता येतं, तिलाही.