शनिवारी आई त्याच्या दारात जायची

माझ्या बहिणीला ज्यानं गाडीखाली चिरडलं, त्याची माफी माझी आई दर महिन्याला मागायची.

बरोबर वाचलंत. त्यानं नाही, आईनं.

आई जाऊन अजून महिना व्हायचाय. हात जोडलेले इमोजी टाकून मोकळे झालेल्या सगळ्यांना थँक्स. आता हे वाचा.

तो म्हणजे माझा सख्खा काका. दारव्हा-यवतमाळ काळीपिवळी जीप चालवायचा. एका दुपारी दारू पिऊन अंगणात गाडी रिव्हर्स घेतली. मागे एस्तेर खेळत होती, माझी धाकटी बहीण. पहिलीतली पोर.

केस झाली. साक्षीला गल्लीतलं कुणी उभं राहिलं नाही. सुटला.

वर सांगत फिरला, "पोरगीच मधात आली. मी काय करू?"

आमच्या चर्चमध्ये महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजन असतं, येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकरीचा तुकडा खायचा. मनात कुणाबद्दल गाठ ठेवून त्या भाकरीला हात लावायचा नाही, आधी जाऊन मिटवायचं, असा देवाचा हुकूम. बाकीचे लोक डोळे मिटून मनातल्या मनात आटोपून घेतात.

आई आदल्या दिवशी चप्पल घालून निघायची.

त्याच्या दारात उभी राहून म्हणायची, "भाऊजी, माह्या मनात तुमच्याबद्दल अजून जहर हाय. माफ करा."

तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. एकदा तर जेवून हात धुतलेलं पाणी तिच्या पायाशी फेकलं.

"कायले जातं वं आई त्याच्या दारात? एस्तेर तुही पोरगी नव्हती काय?"

हे मी बोलले. लागावं म्हणूनच बोलले.

आई भाकरी थापत होती. थांबली नाही.

"होती ना. म्हून त त्याचा जीव घ्यावा वाटते मले. रोज वाटते. पण देवानं सांगतलं जाय, त मी जातो. चांगली हाय म्हून नाही जात."

"मंग काय भेटते तुले?"

"झोप लागते बाई."

आणि खरंच लागायची. पोटची पोर गेलेली बाई चक्क घोरायची. मी शेजारच्या खाटेवर टक्क जागी. उशी तिच्या तोंडावर दाबावी असं वाटायचं मला, इतका त्या घोरण्याचा राग यायचा.

शेवटी दवाखान्यात माझा हात धरून म्हणाली, "त्याले माती टाकू देजो माह्यावर. तू आडवी येऊ नको."

मी हो म्हटलं.

कब्रस्तानात तो आला. मूठभर माती घेऊन पुढे झाला. मी आडवी उभी राहिले.

पास्टर माझ्याकडे बघत राहिले. काकानं माती तिथंच स्वतःच्या पायाशी टाकली, हात पँटला पुसले आणि गेला.

जिंकल्यासारखं वाटलं. खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं.

फक्त त्या दिवसापासून झोप गेली. गोळ्या घेऊन पाहिल्या. नाही.

उद्या प्रभुभोजन आहे. आईशिवायचं पहिलं.

आज सकाळी चप्पल घातली आणि गेले.

"काका, आईनं तुमाले माती टाकू द्याले सांगतलं होतं. म्या नाही टाकू देल्ली. माफ करा."

तो दात घासत होता. थुंकला.

"बरं झालं मेली थे. दर महिन्याची कटकट होती. आता तू सुरू करतं काय?"

दार लावून घेतलं.

मला वाटलं होतं, रडेल. म्हातारा झालाय, एकटा आहे, आतून तरी पिळवटेल. काही नाही.

घरी येऊन तुझ्या खाटेवर पडले, आई. उठले तेव्हा ऊन उतरलं होतं.

त्याला पस्तावा नाही. एस्तेर परत आली नाही. तू नाहीस. आणि मी ढाराढूर झोपले.

मला शांती नकोच होती गं. मला तो रडताना बघायचा होता. देवाकडे मी तेवढंच मागत आले. त्यानं झोप दिली.

तुझा देव फार निर्दय आहे.

पुढच्या महिन्यात परत जावं लागणार, हेही कळलंय. मरता मरता हे माझ्या गळ्यात मारून गेलीस.

संध्याकाळी कब्रस्तानात जाऊन आले. त्याच्या वाट्याची मूठभर माती तुझ्यावर टाकली.

त्याला सांगणार नाही.

नीज, आई.