दोना युफ्राझियाचा तुंबा

दोना युफ्राझियाच्या तुंब्यावर मी बसलो. नव्वद किलोचा माणूस वेताच्या खुर्चीत टेकला, कडकन आवाज झाला, आणि तिच्या आईपासून चालत आलेल्या तुंब्याची दोन शकलं माझ्या विजारीखालून निघाली.

"अरे देवा! वर कापड होतं, मला वाटलं उशी आहे," मी म्हणालो.

"उशी? ओलेगारियु, माझ्या घरात उशी बघितलीस कधी?"

गावाला मी सांगितलं, चुकून बसलो. तुम्हाला खरं सांगतो, अर्धाच चुकून बसलो. कापडाखाली काहीतरी गोल आहे हे मला दिसलं होतं.

आमचं बार्रा गाव ब्राझीलच्या सेर्जिपी किनाऱ्यावरचं. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे कोणी बुडालं, की अर्ध्या तुंब्यात मेणबत्ती लावून पाण्यावर सोडायची. बुडालेल्याचं नाव ठाऊक असलं तर आधी हाक मारायची. तुंबा फिरत फिरत एका जागी थांबतो, तिथे माणूस सापडतो. हे काम दोना युफ्राझियाचंच. सत्तरीची, माझ्या खांद्याच्याही खाली राहणारी, तोंडात मातीचा पाइप. अर्ध्या गावाची ती सुईण. ज्यांना जगात आणलं, त्यांतल्या काहींना पाण्यातून परतही तीच आणायची आणि दोन्ही वेळा म्हणायची, "चल, पुरे झालं आत बसणं."

पण बेचाळीसच्या त्या ऑगस्टमध्ये बसणाऱ्यांची गर्दी झाली. जर्मन पाणबुडीने किनाऱ्यालगत आमच्या आगबोटी एकामागून एक बुडवल्या. सकाळी दार उघडावं तर वाळूवर बूट. एके दिवशी तेवीस मोजले, सगळे डाव्या पायाचे. सहा दिवसांत तिच्या तुंब्याने नऊ जण शोधून दिले, सगळे अनोळखी. त्या आठवड्यात खेकडे भलतेच गलेलठ्ठ झाले होते. कोणी खाल्ले नाहीत. का, ते कोणी बोललं नाही.

एका आगबोटीवर तिचा मुलगा अमान्सियु आचारी होता. त्याच्यासाठी मात्र तिने तुंबा सोडला नव्हता.

बावीस तारीख म्हणजे त्याची बोट बुडाल्याचा सातवा दिवस. आमच्यात सातव्या दिवशी मेलेल्यासाठी चर्चमध्ये प्रार्थना होते. ती झाली नाही तर जीव पाण्यावरच भटकतो, आणि जिवंत माणसासाठी केली तर तो मरतो असं म्हातारी मानायची. पाद्रीबाबांना संध्याकाळपर्यंत नाव हवं होतं. "तुंबा सांगेल," ती म्हणाली होती.

आता माझं. गावातलं औषधांचं दुकान माझं आणि एकुलता एक रेडिओही माझा. त्या सकाळी दहा वाजता रेडिओवर मृतांची नावं वाचली. घरघरीतून एक नाव स्पष्ट आलं: अमान्सियु दोस अंजोस, आचारी. मी रेडिओ बंद केला आणि तिच्याकडे निघालो. वाटेत वाक्यं जुळवत होतो. ओसरीवर त्याची बायको इदालिना भेटली, आठव्या महिन्याची. म्हणाली, "या ओलेगारियुदादा, आज जरा बरं वाटतंय. त्याची बोटीवर घालायची सदरी शिवून ठेवलीय, आल्यावर लागेल."

वाक्यं गेली. मी आत गेलो आणि बसलो. वाटलं, तुंबाच नसेल तर महिनाभर ढकलता येईल. बाळ होऊन जाऊ दे.

पण म्हातारी कसली ऐकतेय! तिने फणसाचा चीक तापवला आणि शकलं सांधायला घेतली. "धर घट्ट," मला म्हणाली, "बसताना जोर होता ना, तोच लाव." मी दुपारभर ती शकलं धरून बसलो. तिने चार वेळा विचारलं, "रेडिओवर काय म्हणतात?" चारही वेळा मी हवामान सांगितलं.

चारच्या सुमारास बातमी आली, ब्राझीलने जर्मनी आणि इटलीशी युद्ध पुकारलं. चौकात फटाके, राष्ट्रगीत. लोक जर्मन माणूस शोधायला निघाले. आमच्या गावात जर्मन एकही नव्हता, त्यामुळे शोध बराच वेळ चालला. शेवटी शाळामास्तरांच्या कुत्र्याचं नाव कायझर होतं ते बदललं आणि मंडळी दारूच्या दुकानात गेली.

आम्ही तिघंच नदीच्या तोंडाशी होतो. ऊन उतरत होतं, ओहोटीने पाणी समुद्राकडे ओढ घेत होतं. दोना युफ्राझियाने मेणबत्ती लावली, मुलाच्या नावाने एकदाच हाक मारली, जेवायला बोलवावं तशी, आणि तुंबा सोडला.

मी मुद्दामच दूर, वीसएक पावलांवर, घोटाभर पाण्यात उभा होतो. तुंबा ओढीबरोबर समुद्राकडे गेला. मनात म्हटलं, जा बाबा, थेट आफ्रिकेपर्यंत जा.

तो थांबला. मग वळला आणि ओहोटीच्या उलट, काठाकाठाने येऊ लागला. वारा माझी टोपी उडवत होता, पण मेणबत्तीची ज्योत हलत नव्हती. चौकातलं गाणं एकाएकी ऐकू येईनासं झालं. तुंबा इदालिनासमोरून गेला, म्हातारीसमोरून गेला आणि माझ्या नडगीला येऊन टेकला.

मी दोन पावलं डावीकडे सरकलो. तोही सरकला.

इदालिना माझ्या तोंडाकडे बघत होती, पोटावर दोन्ही हात ठेवून. म्हातारी हळूहळू पाण्यातून चालत आली.

"दोना युफ्राझिया," मी हसायचा प्रयत्न केला, "फुटका तुंबा हा, चिकाने जोडलेला. भलतीकडे जाणारच. याचं काय मनावर घ्यायचं?"

तिने तोंडातला पाइप काढला.

"तुंबा थांबलाय, आता तू बोल."