पिवळ्या बसच्या मागे थांबा

नेरिडा कावालारो बस चालवताना सतत चुळबुळ करते. आरसा हलवते, सीटवर सरकते, स्टिअरिंगवर बोटं वाजवते. "सीटखाली मुंग्या झाल्यात का गं?" मर्व्ह विचारतो. मर्व्ह म्हणजे केळीच्या पॅकिंग शेडमधून निवृत्त झालेला म्हातारा. किनाऱ्यावरच्या आमच्या गावातून टली शहराला जाताना त्याची जागा तिच्या मागचीच.

ओढ्याच्या वळणावर मात्र ती शांत व्हायची. तिथे सकाळी जंगलातून कॅसोवरी हा न उडणारा पक्षी निघायचा. माणसाएवढा उंच, निळ्या मानेचा बाप, मागे दोन पट्टेरी पिल्लं. यांच्यात आई अंडी घालून निघून जाते, पोरं बापच वाढवतो. नेरिडालाही बापानेच वाढवलं होतं, पण तिच्यासमोर हा विषय काढायची कुणाची छाती नव्हती. ती इंजिन बंद करायची. तिघं रस्ता ओलांडून गेली की मग निघायची.

यंदा बसच्या मागे पर्यटकांच्या भाड्याच्या कॅम्पर गाड्याही थांबू लागल्या. काचा खाली, फोन बाहेर. मग द्राक्षं, पाव, आंब्याच्या फोडी. बापाने रस्ता ओलांडणंच सोडलं. तो खिडक्या धुंडाळत फिरायचा आणि पिल्लं डांबरावर उभी राहायची.

एका सकाळी नेरिडा खाली उतरली. "फळ आत घ्या. अशानेच मरेल तो."

"भुकेला दिसतोय हो बिचारा," कॅम्परमधली बाई म्हणाली.

"अख्खं जंगल आहे त्याला खायला. रस्त्याची सवय लागली तर गाडीखाली येईल."

"मग तुम्ही कशाला रोज थांबता?" शेजारच्या माणसाने फोन पुढे केला. आमच्या बसचा फोटो होता, खाली लिहिलेलं: पिवळ्या बसच्या मागे थांबा, पक्षी हमखास दिसतो.

नेरिडा परत येऊन बसली, पण चावी फिरवेना.

"लोक मूर्ख आहेत, त्याला तू काय करणार?" मर्व्ह म्हणाला.

"लोकांचं सोड. आज मी ब्रेक दाबला तेव्हा तो झाडीत होता. आवाज ऐकून धावत आला, मर्व्ह. गाडी थांबली की खायला मिळतं, असं झालंय त्याचं. आता केळीचा ट्रक आला, तर ट्रकवाला थांबणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी वळणावर कॅम्परची रांग आधीच लागली होती. बाप रस्त्याच्या कडेला वाटच पाहत होता. नेरिडाने वेग पार कमी केला, पण बस थांबवली नाही. हॉर्नवर तळहात दाबला तो उचललाच नाही. पिल्लं झाडीत पळाली. बाप पिसं फुलवून उलटा फिरला आणि त्याने बसच्या दारावर अशी लाथ घातली की पत्रा आत गेला.

"राक्षसीण आहेस का गं तू?" एका कॅम्परमधून कुणीतरी ओरडलं.

"हिच्या स्वयंपाकाची चव घेतलीय वाटतं यांनी," मर्व्ह म्हणाला. कुणी हसलं नाही. नेरिडाची मान घामाने भिजली होती.

ती रोज तसाच हॉर्न वाजवत गेली. आधी पक्षी बसच्या आवाजाने बिचकू लागला, मग रस्त्यावर यायचाच बंद झाला. पाहायला काही मिळेना, तशा गाड्याही पांगल्या.

आता वळण मोकळं असतं. टलीला पोचल्यावर नेरिडा स्टँडवरच्या ट्रकवाल्यांना गाठते. "ओढ्यापाशी काही आडवं आलं का रे? लागलं का कशाला?"

"कालच सांगितलं ना बाई, नाही म्हणून."

"काल झालं. आजचं विचारतेय."

परवा मर्व्हला राहवलं नाही. "अगं, तो दिसू नये हेच तुला हवं होतं ना?"

"हो."

"मग?"

"मेला असता, तरी दिसला नसताच की."

वळण आलं. नेरिडाने वेग कमी केला आणि खिडकीतून बाहेर वाकली. झाडीकडे तिने मान वळवली नाही. ती डांबर न्याहाळत होती, कुठे पिसं पडलीत का ते.